शिवराजचे पिंपल आणि सासूबाईंचे धोंडे

...नाही, पिंपल त्याच्या तोंडावर आले हे मला मान्य आहे, पण मग धोंडे माझे का बंद झाले, हे कुणीतरी मला समजावून सांगा ना! तोंड त्याचं, पिंपल त्याचे, सासू त्याची, आणि बजाजनगरपासून पाचोडपर्यंत त्या रणरणत्या उन्हात गाडी चालवत नेली मी, म्हणजे या गोकुळनं, त्याच्या शेजाऱ्यानं, आणि तिथं पोचल्यावर माझ्या ताटात पडलं काय? ज्वारीची भाकरी आणि दोडक्याची भाजी. बिनतेलाची. आता धोंड्याचा महिना तुम्हाला माहीतच आहे, तीन वर्षांनी एकदा येतो, लेक-जावयाला बोलावतात, पाय धुतात, कपडे करतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढतात, वर आमरस... आणि दोडका! धोंड्याच्या जेवणाला दोडका खाऊन आलेला माणूस तुम्ही कधी बघितलाय? बघून घ्या.

तर तुम्हाला सांगतो, शिवराज माणूस वाईट नाय. वाळूजला माझ्याच कंपनीत, माझ्याच शिफ्टला, कामाला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त तोंडावर पिंपल. मुरूम म्हणा, पुटकुळ्या म्हणा, कॉलेजात सगळ्यांना येतात, सगळ्यांच्या जातात, याच्या राहिल्या. बरं, येऊन गप बसल्या असत्या तर चाललं असतं, पण लग्नात त्या फोटोवाल्यानं घात केला. त्यानं कॉम्प्युटरवर याचं तोंड असं घासलं, असं घासलं, की फोटोत हा ओळखूच येईना, नवरीच्या शेजारी भलताच कुणीतरी गुळगुळीत माणूस उभा! आणि तो फोटो दाराएवढा मोठा करून सासरच्यांनी पाचोडला समोरच्या भिंतीवर लावला. आता येणारा जाणारा आधी फोटो बघणार, मग याच्याकडं बघणार, मग परत फोटो बघणार. तोंड कुठं लपवायचं माणसानं?

मग याला मोबाईलमध्ये एक बाई सापडली. ती म्हणते, "जे ताटात, तेच चेहऱ्यावर." झालं. साखर बंद, गूळ बंद, दूध बंद, तूप बंद, गहू बंद, तळलेलं तर नावच काढू नका. कॅन्टीनमध्ये आमचा चितेगावचा फारूखभाई डबा उघडायचा, त्याच्या घरचं मटणाचं खलिया म्हणजे झाकण काढलं की चार टेबलं मान वळवणार, तो आग्रह करायचा, "अरे शिवराज मियाँ, एक निवाला तो लो, नई तो मेरे गले से कैसा उतरेगा?" आणि हा उकडलेल्या भोपळ्याची फोड धरून म्हणायचा, "नको भाई, ऑईल आहे." ऑईल म्हणे! मशीनमध्ये आहे का ऑईल? जेवण आहे ते.

आणि एवढं करून नीट राहिला असता तर गोष्ट वेगळी. पण तुम्हाला सांगतो, जो माणूस दिवसा पेढ्याकडं बघत नाय, तो पेढ्याचा सगळा पुडा एका बैठकीला संपवतो. कुठं? बाथरूममध्ये. नळ सोडून. प्रेरणा, म्हणजे त्याची बायको, बाहेरून विचारतीये, "अहो, बरं आहे ना?" आणि आतून तोंड भरलेलं, उत्तर कसं येणार? नुसतं "हं." आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त, पाण्यावर राहायचं. तिसऱ्या दिवशी आरशात एक नवीन पिंपल दिसला की म्हणायचं, बघ, पेढ्याचाच आहे हा. मग परत उपाशी, मग परत नळ. प्रेरणाला पँटच्या खिशात रिकामा पुडा सापडला तर म्हणाला, कुत्र्याला घातले. तिनं पुडा घडी करून कचऱ्यात टाकला. त्या घडी करण्याचीच त्याला लई लाज वाटली, हे त्यानंच मला सांगितलं. भांडली असती तर बरं, म्हणाला.

आणि अशात धोंड्याचं बोलावणं आलं. लग्नानंतरचं पहिलं धोंडं, घरातला पहिला जावई. सासूबाई, साळूबाई त्यांचं नाव, फोनवर म्हणाल्या, "जावईबापू, तूप घरचं कढवलंय, आंबे आमच्याच बांधावरचे हायेत, तुम्ही नुसतं तोंड घेऊन या." नुसतं तोंड घेऊन या! बाईला काय माहीत, तेच तर घेऊन जायची पंचाईत आहे.

प्रेरणा त्याला म्हणाली, "एक दिवस खा. आई किती दिवसांपासून वाट बघतीये." हा म्हणाला, एका दिवसात तीन महिन्यांचं सगळं पाण्यात जाईल. ती म्हणाली, "मग आईला खरं सांगा." खरं काय सांगणार? की मामी, तुमच्या हातचं खाल्लं तर मला फोड येतात? सासूला हे सांगायचं? तोंड कुठं लपवायचं मग?

तर गाडीत, आडूळच्या पुढं कुठंतरी, या शहाण्याला युक्ती सुचली. अधिकात लोक नेम धरतात ना, कुणी एकवेळ जेवतं, कुणी मौन पाळतं, कुणी पान-सुपारी सोडतं... हा म्हणाला, मी पण नेम धरलाय असं सांगू. गोड वर्ज्य, दूध-तूप वर्ज्य, गहू वर्ज्य. देवाच्या नावावर सांगितलं की कुणी आग्रह करत नाय, कुणाला वाईट वाटत नाय. प्रेरणा म्हणाली, "देवाला मध्ये घेऊ नका." मी म्हणालो, शिवराज, अरे, निदान आमरस तरी नेमात घालू नको. पण ऐकतो कोण?

पोचलो. अंगणात पाट, रांगोळी, तांब्याचं ताम्हण. साळूबाईंनी आणि सासऱ्यांनी, कडूबामामांनी, मिळून पाय धुतले. आणि पाय धुता धुता यानं सांगून टाकलं, "मामी, माझा महिनाभर नेम आहे." एका दमात सगळी यादी म्हणून दाखवली. मला वाटलं, आता बाईचं तोंड उतरणार. पहाटेपासून चुलीपुढं होत्या त्या, हाताला पुरण होतं अजून... पण कशाचं काय! बाईंच्या डोळ्यांत पाणी. कडूबामामांना म्हणाल्या, "अवो, ऐकलं का? आजकालची पोरं देवाला हात जोडीनात, आन् आपला जावई नेम पाळतोय." मी बघितलं, कडूबामामांचं तोंड मात्र उतरलं होतं. त्या माणसानं तीन वर्षं वाट बघितली होती धोंड्यांची.

मग काय, गल्लीत बातमी गेली. शेजारच्या गोजरबाई आल्या, त्यांच्या सुना आल्या, एकीनं तर याला वाकून नमस्कार केला. हा कुठं बसलेला? त्या फोटोच्या बरोबर खाली. गोजरबाई फोटो बघतात, याच्याकडं बघतात, आणि म्हणतात, "नेमानं किती झडलंय बाई पोरगं, तोंडावर पार फोड आलेत." नेमानं फोड आले! ज्या फोडांसाठी नेम, त्या नेमानं फोड! आणि हा मान खाली घालून म्हणतो, "हो मावशी." दुसरं काय म्हणणार?

इथपर्यंत ठीक होतं हो. पण ताटं वाढायची वेळ झाली आणि साळूबाईंनी धोंड्यांची परात उचलली, स्वयंपाकघरात नेऊन फडक्यानं झाकली, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "जावई नारायणाच्या जागी. त्यानं सोडलंय ते आम्ही त्याच्यासमोर कसं खावं? आजपास्नं जावयाचा नेम तो माझा नेम. महिनाभर." मी म्हणालो, मामी, महिनाभर कशाला, आणि निदान पाहुण्यांना तरी... पण माझ्याकडं कुणाचं लक्ष? दोडका आला. अहो, ती बाई बिनसाखरेचा चहा घोटभर पीत नाय, ती महिनाभर गोड सोडणार, कशासाठी? तर याच्या एका थापेसाठी. शिवराज भाकरीचा तुकडा नुसता ताटात फिरवत बसला. प्रेरणा त्याच्याकडं बघत पण नव्हती. ती आपली आईच्या ताटात भाजी वाढत होती.

जेवणं झाली, उन्हानं गल्ली ओस पडली, जो तो आडवा झाला. मी ओसरीत कूलरपुढं. यापुढचं मी बघितलं नाय, परतीच्या वाटेवर त्यानं सांगितलं तसं सांगतो. याला झोप लागेना. आतून पुरणाचा वास, जायफळाचा वास. उठला, चोरपावलानं स्वयंपाकघरात गेला, उन्हासाठी दारं लोटलेली, त्या अंधारात परातीजवळ हात नेला, तर हाताला दुसरा हात लागला!

कडूबामामा. पाटावर बसलेले, पुढ्यात धोंडा, मिशीला तूप. जावई सासऱ्याकडं बघतोय, सासरा जावयाकडं. कडूबामामा हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुमचा नेम?" हा म्हणाला, "मामा, तुमचा?" मामा म्हणाले, "मी कुठं धरला? तिनं धरला. मला कुणी इचारलं व्हय?" आणि सरकून पाटावर जागा केली. मग दोघं शेजारी शेजारी बसून खायला लागले. मामांचा एक खाऊन होईस्तोवर याचे चार गेले, चव बघायला पण थांबला नाय, नुसता गिळत होता, जसा नळ सोडून गिळतो तसा. आणि एकदम दार उघडलं, उजेड पडला. दारात साळूबाई.

कडूबामामा उठले, "म्हशीला पाणी दाखवतो," म्हणाले आणि मागल्या दारानं पसार. हा एकटा. दोन्ही गाल भरलेले, तूप कोपरापर्यंत. जावई नारायण! सांगा, तोंड कुठं लपवायचं?

यानं कसंबसं गिळलं आणि रडकुंडीला येऊन खरं सांगून टाकलं. मामी, नेम-बिम काही नाय, तोंडावरच्या या फोडांसाठी सगळं सोडलंय, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून थाप मारली, तुम्ही तुमचा नेम सोडा, मी पाया पडतो.

साळूबाई म्हणाल्या, "मला ठावं हाये."

हा म्हणाला, काय ठावं आहे?

"प्रेरणानं मागंच सांगितलं फोनवर. बाथरूमचं पण सांगितलं. रडत व्हती पोरगी. तुमच्या फोडांचं तिला काय नाय, जावईबापू. तुम्ही जेवायला बसता आन् भेता, त्याचं तिला वाईट वाटतं." असं म्हणून त्या खाली बसल्या, ताटली घेतली, दोन धोंडे ठेवले, तूप सोडलं, आणि म्हणाल्या, "आता बसून खावा. चावून खावा. म्या काय मोजायला बसले नाय."

हा म्हणाला, "मग तुम्ही नेम कशाला धरला? खोटा आहे म्हणून माहीत होतं तर?"

"तुमचा खोटा असंल. म्या तर तुमचं तोंड साफ व्हावं म्हणूनच धरलाय. तुम्हाला जमंना तर तुमच्या वाटचं म्या सोडते. त्यात काय एवढं?"

तुम्हाला सांगतो, परतताना हे सांगताना त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं. म्हणाला, गोकुळ, मामींनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो रे. त्यानं ते दोन धोंडे त्यांच्यासमोर बसून सावकाश खाल्ले, तिसरा त्या वाढायला लागल्या तर म्हणाला, "बास मामी, पोट भरलं." आणि खरंच भरलं होतं. पोट भरलं की थांबायचं असतं, हे त्या माणसाला किती महिन्यांनी आठवलं! गल्लीला काय सांगायचं ते साळूबाईंनी ठरवलं, "जावयाचा नेम म्हंजे नेम, बाहेर अक्षर जाता कामा नाय." आणि उरलेले धोंडे गल्लीत वाटून टाकले. गल्लीत! मी ओसरीतच झोपलेलो होतो. मला उठवायचं कुणाला सुचलं नाय.

आता शिवराज नीट जेवतो. कॅन्टीनमध्ये फारूखभाईचा निवाला घेतो, घरी गोड झालं तर ताटात घेऊन सगळ्यांसमोर खातो, डॉक्टरणीनं दिलेलं मलम लावतो. पिंपल? आहेत की. दोन जातात, एक येतो, चाललंय.

पण तिकडं पाचोडला काय झालं? साळूबाईंनी महिनाभर नेम पाळला. साखरेचा कण नाय, तुपाचा थेंब नाय. आणि महिना संपता संपता, तुम्हाला सांगतो, बाईंचं तोंड असं नितळ झालं, असं उजळलं, की बाजारात बायका थांबवून विचारायला लागल्या, साळूबाई, काय लावता? आणि साळूबाई अभिमानानं सांगतात, "काय लावत नाय बया, जावयाचा नेम हाये." झालं! गोजरबाईंनी धरला, त्यांच्या सुनांनी धरला, आणि आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, जावईबापू, भेंडी चालते का, जावईबापू, शेंगदाण्याचं कसं, आणि जरा तोंड दाखवा की, नेमवाल्याचं दर्शन घेऊ द्या. आता हे तोंड दाखवणार कसं? हा बिचारा खाटेवर पडून फोन छताकडं धरतो आणि बाजूनं उत्तरं देतो. तेव्हा सध्या पाचोडातल्या बायका रोज संध्याकाळी मनोभावे हात जोडतात, आणि पलीकडं फिरत असतो बजाजनगरचा पंखा.