आईच्या कार्डावरचा चहा

तुम्हाला सांगते, मला वाटलं होतं की ‘जुन्या ग्राहकांसाठी खास ऑफर’ म्हणत बँकेने आईच्या खात्यावर माझ्या नावाचं जादा कार्ड तिच्या गळ्यात मारलं. निघालं भलतंच. परदेशातलं शिक्षण संपवून श्रीवर्धनला परतले आणि बँकांच्या लुटीवर भाषण ठोकत कार्ड कापायला कात्रीच उचलली.

सुपारी सोलता सोलता आई ओरडली, “अगो, थांब! ती ऑफर मीच मागून घेतली. तू तिकडे काही खाल्लंस की मेसेज माझ्या फोनवर यायचा. पोर जेवली, असं म्हणून मग मी पानावर बसायचे.”

मी कात्री ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलिबागच्या शाळेत रुजू व्हायला निघाले. वाटेत हॉटेलात सुटे पैसे हातात होते, तरी चहा कार्डावरच घेतला.

लगेच आईचा फोन, “नुसता चहा? काहीतरी खा की!”