फारसी की गणित

...तिथं न्हाई मास्तर, तिथं नका बसू, इकडं बाजंवर या. तिथं ओल है — ओल म्हंजे मुंग्या हैत. हं, तर काय म्हनत व्हते? आमच्या मच्छिंद्रानं फारसी सोडून वरचं गणित घ्यावं. कामून? फारसी घेतली तं पोरगं तहसिलीत चिकटंल, लोक झुकून सलाम करतील. गणितानं काय व्हनार? — मआशियातीला लागतं? ती अन् काय भानगड? — अर्थशास्त्र, उस्मानियाची डिग्री. बरं. अन् येवढंच सांगायला तुमी जालन्याहून पिंपळगावपत्तर धुराळा खात आले? मला न्हाई पटत.

काय शिकिवतात हो त्या मआशियातीत? — ज्वारी महाग कामून व्हती, ह्ये? मास्तर, खरं सांगा, लेव्हीवाल्यांनी तं न्हाई धाडलं तुमाला? गेल्या महिन्यात आल्ते ते. सरकारची ज्वारी घाला म्हनले, घर उचकलं, कणग्या पालथ्या केल्या. काय घावलं? बिलकुल काही न्हाई. या रखमाजीनं लेव्ही कव्हा चुकवली न्हाई. पीकच न्हाई झालं औंदा — म्हंजे झालं, पण खायापुरतं. मच्छिंद्राच्या मायला इचारा — न्हाई, तिला नका इचारू. तिकडं काय पाहून राह्यले? सारवलेलं? घर म्हनलं की सारवतेच बाई. आता तेवढाच तुकडा कामून सारवला, ह्ये मी काय सांगू?

पोरगं हुशार है, मला का कळत न्हाई? गावात नाव घेतलं त्याचं का छाती भरून येती माझी. पण शिकलं का वाकडे सवाल इचारतं, त्याचंच भ्या वाटतं. — तुमीच इचारला व्हता सवाल? भर वर्गात? पीक बराबर आलं तरी दाम कामून चढले — अन् एकट्या आमच्या मच्छिंद्रानं जवाब दिला? शाबास! काय म्हनला?

...लोकांनी ज्वारी पेवात पुरली अन् वरून सारवून घेतलं, म्हनला. भर वर्गात. अन् कोन्या गावचे लोक, ह्ये बी?

मास्तर, गणित घेऊ द्या त्याला. इंग्रजी बी घेऊ द्या. हैद्राबादला न्या, त्याच्याहून लांब काही आसंल तं तिथं न्या, पण जल्दी न्या. खर्चा मी पाहीन. फकस्त आपल्या गावची मिसाल देऊ नको म्हनावं.

उठा आता. चहा पुढच्या बारीला. — अहो, तिकडून नका, पोकळ है ते! इकडून जा.