चाळीस घरांचं इंटरनेट

(दक्षिण आफ्रिकेतलं एक डोंगरी खेडं. गावचा मुखिया लुंगिसा, ज्याला गाव मानानं ‘ताता’ म्हणजे बाबा म्हणतं, त्याच्या अंगणात मोबाइल कंपनीचा अधिकारी लुयोलो आणि गावच्या सहकारी संस्थेची अध्यक्ष नोझिबेले.)

लुयोलो : मावशी, कंपनी स्वतःहून दारात आलीये. अजून काय हवं?

नोझिबेले : सात वर्षांपूर्वी मी आले होते तुमच्या दारात, दोन बस बदलून. तुझ्या जागी दुसरा साहेब होता. म्हणाला, चाळीस घरांसाठी टॉवर उभारायला आम्हाला काय पिसाळलेलं कुत्रं चावलंय?

लुयोलो : असं म्हणाला?

नोझिबेले : शब्द गोड होते. अर्थ हाच.

लुंगिसा : टेकडीवर चढायचं तेव्हा रेंज यायची, बाबा. शंभर रँडचा डेटा चार दिवसांत फस्त. तेवढ्या पैशांत घरात महिन्याचं मक्याचं पीठ येतं.

नोझिबेले : माझ्या झोलेकाचा नर्सिंगचा अर्ज शेवटच्या पानावर होता, तेव्हा डेटा संपला. दुकान आठ किलोमीटर. मी कूपन घेऊन येईस्तोवर मुदत टळली. वर्ष गेलं पोरीचं. दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर फिरले, गावाचं स्वतःचं इंटरनेट उभारायला वर्गणी मागत.

लुयोलो : आणि लोकांनी दिले पैसे?

लुंगिसा : कसले देतायत. मीच म्हणालो, नळाला पाणी नाही आणि हिला हवेतून इंटरनेट आणायचंय.

नोझिबेले : तुम्ही बरंच काही म्हणालात, ताता. जाऊ द्या.

लुंगिसा : पुढं हिच्या संस्थेतल्या बायकांनी माझ्याच छपरावर इंटरनेटचा पहिला खांब उभा केला. सूर्यावर चालणारा. घर उंचावर ना माझं.

लुयोलो : आता घरामागे किती घेता?

नोझिबेले : महिन्याला तीस रँड. हवं तेवढं वापरा. शाळेला फुकट.

लुयोलो : आम्ही पंधरात देऊ.

नोझिबेले : किती महिने?

लुयोलो : सहा.

नोझिबेले : आणि सातव्या महिन्यात?

लुयोलो : मग... कंपनीचा नेहमीचा दर.

नोझिबेले : अट काय?

लुयोलो : तुमचे खांब उतरवायचे. टेकडी आम्हाला भाड्यानं. मुखियांची सही लागेल. त्यांना दरमहा मानधनही आहे.

लुंगिसा : आण तो कागद.

नोझिबेले : ताता?

लुंगिसा : तू वाच. मानधनाचा आकडा मोठ्यानं वाच.

नोझिबेले : तीन हजार रँड.

लुंगिसा : एवढी किंमत माझी कुणी केली नव्हती. घे हा परत, पोरा. आणि तुझ्या साहेबाला सांग, चाळीस घरं नाही राहिली आता. पलीकडची तीन गावं आमच्याकडे आलीत, त्यांचे खांब पुढच्या महिन्यात.

लुयोलो : साहेबांना काय कारण सांगू?

नोझिबेले : सांग, परवडत नाही.

लुयोलो : येतो, मावशी.

नोझिबेले : चहा घेऊन जा. दोन तासांचा रस्ता आहे.

लुयोलो : नको. उजेडात घाट उतरतो.

नोझिबेले : ...गेला. वाईट नव्हता पोरगा.

लुंगिसा : नोकरी करतोय बिचारा.

नोझिबेले : ताता, एक विचारू? संस्थेत बघितलं मी. गावात सगळ्यात जास्त डेटा तुमच्या घरी जातो. रविवारी तर सहा-सहा तास.

लुंगिसा : त्याचे जादा पैसे पडतात?

नोझिबेले : एक सेंटही नाही. पण करता काय?

लुंगिसा : खाणीवरच्या मुलाला फोन लावतो. त्याचं तोंड दिसतं त्यात.

नोझिबेले : सहा तास काय बोलता?

लुंगिसा : बोलत नाही फारसं. तो कपडे धुतो, रांधतो, जेवतो. मी बसलेला असतो त्याच्यापाशी.