दोन्ही पापण्या

साहेब, दुसऱ्या बँका पुढे पळाल्या म्हणून तुम्ही घाईघाईत अ‍ॅप आणलंत आणि पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखलाही त्याच्याच गळ्यात बांधलात.

बँकेच्या रांगेतल्या एका शिंपीणबाईंच्या पुढे एक म्हातारी होती, शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचा नवरा. खिडकीतून कॅशियरने फोन पुढे धरला.

"काका, इकडे बघून डोळे मिटा. नाहीतर पेन्शन थांबेल."

"अरे, तोंडावरून वारं गेल्यापासून त्यांची डावी पापणी मिटत नाही."

"अ‍ॅपला दोन्ही मिटलेल्या लागतात, काकू."

"थांब, मी बोटाने मिटते."

"मेल्यावर मिट गं," म्हातारा अडखळत म्हणाला. "आत्ता राहू दे."

"बोट दिसलं की तसंही नापास करतं, काकू."

"तू ओळखतोस ना यांना? तुझ्या लग्नात जेवलेत हे!"

"ओळखतो हो. पण माझी ओळख टाकायला अ‍ॅपमध्ये जागाच नाही."

"मग तू इथे बसतोस कशाला?"

"पुढच्या महिन्यापासून नाही बसणार. ही खिडकीच बंद होतेय."

शिंपीणबाईंनी हातातलं पासबुक घट्ट धरलं.

म्हातारी खिडकीवर वाकली. "मग माझा नवरा जिवंत आहे, हे मी सांगू कुणाला? बोल ना!"