तिसऱ्या पानावर मेलेली आई

बर्बँकला ऑडिशनसाठी ताटकळत बसलेल्या बर्नडेटच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं भांडण पडलं.

"मॅक्सीन, तू मालिकांमधून प्रेताची कामं करतेस, ते मी सोसलं. पण स्वतः लिहून स्वतः छापलेल्या पुस्तकात मला तिसऱ्याच पानावर मारलंस?"

"अगं मॉम, कादंबरी आहे ती!"

"नाक माझं, घोरणं माझं, आणि मरण तेवढं कादंबरीतलं होय?"

"बरं बाई, पुढच्या आवृत्तीत जिवंत करते तुला. मग तर झालं?"

"जिवंत कशाला? मेले ते झकासच मेले. पण दफनाला चारच टाळकी? त्यातलंही एक जांभया देतंय!"

"मग काय करू?"

"तुझ्या बापाची दुसरी बायको आण. चांगली ओक्साबोक्शी रडव तिला. मस्कारा पार हनुवटीपर्यंत ओघळू दे."