निळ्या पट्ट्याच्या चपला

मंडळी, ऐका! ज्या दिवशी माझी बायको गेली, त्या दिवशी माझी लेक हसली.

गालातल्या गालात नाही. खो-खो हसली! भरल्या घरात, रडणाऱ्या बायकांच्या मधोमध!

आता मला सांगा, तिचं चुकलं का? ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात हसावं की हसू नये? नाही म्हणता? बरं, मग किती दिवस नाही? आणि ते ठरवणार कोण? बोला की! एरवी प्रसादाच्या वेळी चांगला आवाज फुटतो तुम्हाला!

राहू द्या. रामनवमीच्या उत्सवात पादुकांचं आख्यान दरवर्षी होतं, ते तुम्हाला पाठ आहे. आज चपलांचं ऐका. तसंही तुमचं अर्धं लक्ष बाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडेच असतं, मला ठाऊक आहे! हे आख्यान माझ्या घरातलं आहे. सुतक फिटल्यावरचं माझं हे पहिलं कीर्तन, आणि दुसरं काही मला सुचलं नाही.

माघातली गोष्ट. वृषाली, माझी बायको, डोकं दुखतंय म्हणून हॉस्पिटलात गेली ती दोन दिवस तिथंच होती. मी मुलांना दूध द्यायला घरी आलो होतो. तेवढ्यात फोन आला. मी फोन ठेवला आणि उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद केला. मला इतकंच आठवतं. मग माणसं यायला लागली.

त्यात हे आले. हे हो, पेटीवर बसलेत ते, आमचे विसूभाऊ! चार घरं पलीकडे राहतात. कानावर बातमी पडली तसे उठले आणि पळत सुटले. हसू नका विसूभाऊ, सूर धरा! तर हे दारात आले. माझी ओवी, चार वर्षांची, उंबऱ्यावर बसलेली. तिची नजर गेली यांच्या पायांकडे. एका पायात यांची स्वतःची काळी, जाडजूड चप्पल. आणि दुसऱ्या पायात? काकूंची! लाल, मण्यांची, उंच टाचेची! एक पाय वर, एक पाय खाली, गडी हेलकावे खात येतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय...

आणि ओवी ओरडली, "बाबा, बघा! विसूकाका अर्धी काकू झाले!"

आणि हसली.

माझी थोरली बहीण, सिंधूआक्का. ती बघा, खांबाला टेकून बसलीय. आक्का म्हणजे वाघीण! तिच्यापुढं मी अजून चड्डीतला आहे. आक्कानं ओवीचा दंड धरला आणि डोळे मोठे केले.

"गप्प! आई गेली ना तुझी? आता हसायचं नाही! कळलं?"

ओवीनं तोंडावर हात ठेवला आणि मान हलवली. कळलं.

मंडळी, ही खूण लक्षात ठेवा. तोंडावर हात.

पुढं दिवस झाले. सुतकाचं घर कसं असतं, तुम्हाला माहीत आहे. देवाला फूल नाही, कढईत तळण नाही, माझ्या गालाला वस्तरा नाही. शेवटी गोडाचं जेवण झालं. गुरुजींनी देव उघडले. आक्कानं कढई चढवली. विसूभाऊंनी मला हाताला धरून न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं. एकेक गोष्ट मोकळी होत गेली. आक्का तिच्या गावी गेली. घरात राहिलो आम्ही तिघं. मी, ओवी आणि नऊ वर्षांचा कैवल्य. कीर्तनकाराचा मुलगा म्हणून नाव ठेवलं कैवल्य, आणि धंदा काय, तर गल्लीतल्या काचा फोडणं!

रविवारी मुलांना घेऊन वृषाली कुठंतरी जायची. कधी बाग, कधी डोंगरावरची देवी, कधी नदी. मी आपला परगावी, लोकांना संसार कसा करावा ते सांगत! आता मुलांना घेऊन मी निघालो. पहिल्या रविवारी डब्यात पोहे घेतले, बाटलीत पाणी घेतलं, दोन्ही एका पिशवीत ठेवलं. बाटलीचं टोपण? ते घरी! बागेत जाऊन डबा उघडला, तर पोह्यांची खीर!

कैवल्य म्हणाला, "बाबा, आई टोपण लावायची."

म्हटलं, "हो रे, आता कळलं."

मग बर्फाचे गोळे घेतले. फाल्गुनातलं ऊन, पोरं खूश. बाकावर एक आजोबा झोपलेले. तोंड उघडं, आणि पोटावर टोपी, उताणी. कैवल्य वाकून त्यांचे दात मोजतोय. "बाबा, वर दोनच आहेत!" एवढ्यात गोळा काडीवरून सुटला आणि टपकन टोपीत! आजोबा दचकून उठले. उठल्यावर माणूस पहिलं काय करतो? टोपी घालतो! जांभळं पाणी कपाळावरून नाकावर, नाकावरून मिशीत. आजोबांनी वर आभाळाकडे बघितलं, जीभ फिरवली आणि म्हणाले, "गोड आहे!"

माळी हसला, गोळेवाला हसला, मी हसलो. ओवी? तोंडावर हात. घट्ट!

मला वाटलं, गार लागलं असेल. पोरीचा दात दुखतोय.

मग पाडवा आला. यंदा आमच्याकडे गुढी नव्हती. पण काकूंनी दोघांच्या गळ्यात साखरेच्या गाठी घातल्या आणि आम्ही देवीच्या डोंगरावर गेलो. पायऱ्यांवर एक शेळी. तिनं मागून येऊन कैवल्यच्या गळ्यातली गाठी धरली. कैवल्य पळाला, शेळी पळाली, शेळीमागं तिची म्हातारी. "अरं लेकरा, थांब! पळू नगंस! तिला वाटतंय तू खेळतोयस!" कैवल्य म्हणतो, "आजी, तिला सांगा ना, मी खेळत नाहीये!" शेवटी दोघं समोरासमोर उभे. एक टोक शेळीच्या तोंडात, दुसरं टोक कैवल्यच्या. आणि दोघंही चावतायत! कुणीच सोडेना!

ओवी? तोंडावर हात. डोळ्यांतून पाणी आलं, पण हात हलला नाही.

नेली दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. "आ कर बाळा." बाळ आ करेना. चॉकलेट दाखवलं, फुगा दाखवला. शेवटी केला आ. बाईंनी बोट आत घातलं, आणि तोंड बंद! बाई बोटावर फुंकर घालत म्हणाल्या, "बुवा, दात उत्तम आहेत. मला चांगलेच कळले!"

काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठ-मोहरी ओवाळून झाली. मग मी ठरवलं, आता आपणच हसवायचं. अहो, मी हजार माणसं हसवतो! तुम्ही आता पोट धरून हसताच आहात! घरी उपरणं डोक्याला गुंडाळलं, ओट्यावर चढलो, माकड केलं. शेपटी म्हणून करदोटा लोंबत सोडला. ओवीनं शेवटपर्यंत शांतपणे बघितलं. मग मान हलवून म्हणाली, "छान झालं, बाबा."

मंडळी, कीर्तनकाराला याहून मोठी शिक्षा नाही!

हसताय तुम्ही. पण मी रात्री तिच्या उशाशी बसायचो आणि मनात म्हणायचो, आई तर गेलीच, तिच्याबरोबर हिचं हसूही गेलं की काय? ते कुठून आणून देऊ?

आता गेल्या रविवारचं ऐका. उत्सवासाठी आक्का आली. म्हटलं, चला, नदीवर जाऊ. सध्या पाणी कमी आहे, पलीकडे वाळूत कलिंगडाचे वेल आहेत, पोरांना वेलावरचं कलिंगड दाखवू. निघताना पायरीवर आक्काच्या चपलेचा अंगठा तुटला. आक्का कुठली थांबतेय! तिनं बाजूला दिसल्या त्या चपला पायात सरकवल्या आणि चालायला लागली. निळ्या पट्ट्याच्या. रबरी.

वृषालीच्या.

माघापासून त्या दारातच होत्या. मी रोज त्यांच्या बाजूला माझ्या काढत होतो. कैवल्यनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आणि आक्काच्या मागं निघालो.

कलिंगड घेतलं चांगलं मोठं. येताना नदीची धार ओलांडायची, गुडघाभर पाणी. आक्कानं पदर खोचला, कलिंगड काखेत मारलं. मी हात पुढं केला, तर म्हणाली, "व्हय बाजूला! याच नदीत पोहायला शिकलेय मी!" दोन पावलं टाकली, आणि धप्प! शेवाळलेल्या दगडावरून आक्का सरळ पाण्यात, मांडी घालून! कलिंगड सुटलं. उजव्या पायातली चप्पलही सुटली आणि तरंगत निघाली.

"चप्पल गेली तर गेली!" आक्का म्हणाली.

तेव्हा कैवल्य ओरडला, "आत्या, ती आईची आहे!"

आक्कानं एकदा पायातली दुसरी चप्पल बघितली, एकदा माझं तोंड बघितलं. आणि निघाली चपलेमागं! चार पायांवर, रांगत! अंबाडा सुटलेला, साडी फुग्यासारखी फुगलेली. ती हात टाकणार, तिच्याच हातानं लाट उठणार, चप्पल पुढं! पुन्हा हात, पुन्हा लाट! आणि मागून आलं कलिंगड. थाड! आक्काच्या पाठीत!

आक्का गर्रकन वळली. "कोण रे तो मेला!"

कलिंगडाला विचारतेय!

काठावरून कलिंगडवाला ओरडतोय, "आक्का, चप्पल जाऊ द्या, कलिंगड धरा! साखर आहे साखर!" मी दुसऱ्या बाजूनं पाणी तुडवत पळतोय. पण पुढं धार खोल होती. चप्पल वळणावरून दिसेनाशी झाली. आक्का कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, धापा टाकत.

आणि ओवी? काठावर उभी. तोंडावर एक हात पुरेना, दोन्ही ठेवलेले. अंग गदागदा हलतंय. मी घाबरलो, फिटबिट आली की काय! तशीच ती पाण्याच्या कडेला आली, हात बोटभर बाजूला केले आणि म्हणाली,

"आत्या, आता हसू का?"

आक्काला कळेना. "काय गं?"

"तू म्हणाली होतीस ना, हसायचं नाही. ते झालं का? की अजून आहे?"

विसूभाऊ, पेटी थांबवा जरा.

मंडळी, देव मोकळे झाले होते, कढई मोकळी झाली होती, माझी दाढीसुद्धा मोकळी झाली होती. एवढ्याशा पोरीला मोकळं करायचं राहिलं होतं. तिला कुणी सांगितलंच नाही! बागेत, डोंगरावर, डॉक्टरीणबाईंसमोर, सगळं हसू तिनं हातानं दाबून धरलं होतं. मोठ्या माणसानं सांगितलंय, म्हणजे काहीतरी असेल!

आक्का पाण्यात तशीच उभी. ही वाघीण! ओठ थरथरायला लागले तिचे. म्हणाली, "हस गं माझे बाई. झालं ते. संपलं. हस! मलाच हस!"

ओवीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

आणि मग जी सुटली! वाळूत बसली, लोळली, पाय झाडले. "आत्याला... आत्याला कलिंगडानं ढकललं!" कैवल्य सुटला, कलिंगडवाला सुटला, मी सुटलो. आणि शेवटी पाण्यातली ही आक्का, ओल्या पदरानं तोंड पुसत, तीही सुटली!

कलिंगड फोडलं. आतून पांढरं निघालं, फिक्कं! कुठली साखर! तरी सालीपर्यंत खाल्लं.

घरी येताना आक्का एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मी माझ्या देऊ केल्या, घेतल्या नाहीत. लंगडत पुढं चाललेली. ओवी मागून बघत होती. बघता बघता म्हणाली,

"बाबा, आत्या अर्धी आई झाली!"

आणि हसली.

या वेळी आक्का "गप्प!" म्हणाली नाही. नुसता हात मागं केला, ओवीनं तो धरला, आणि दोघी तशाच घरापर्यंत गेल्या.

तर मंडळी, माझा सवाल आता तुम्हाला. तुमच्या घरात कोण तोंडावर हात ठेवून बसलंय? रागाच्या भरात सुनेला म्हणालात, तोंड उघडायचं नाही. नातवाला म्हणालात, माझ्या खोलीत यायचं नाही. भावाला म्हणालात, पायरी चढायची नाही. तुमचा राग कधीच उतरला. तुम्ही विसरलात. पण समोरचा विसरला नसेल. तो वाट बघत असेल. सुतक सोडवायला गुरुजी येतात, हे सोडवायला कुणी गुरुजी येणार नाहीत! आज घरी जा आणि सांगा. झालं ते. संपलं. एवढंच सांगायचं असतं.

आणि जाताना आपापल्या चपला नीट बघून घाला. विसूभाऊ, तुम्ही विशेषकरून!

माझं म्हणाल, तर आक्कानं ती उरलेली चप्पल धुतली आणि होती तिथं, दारात ठेवली. डाव्या पायाची आहे. एका चपलेचा कुणाला उपयोग नाही, हे मलाही कळतं. ती उचलायची राहिली आहे.