टाके निघण्याआधीच

बदलापूरच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या बकुळाताईंच्या शेजारी मायलेकांची जुंपली, तेव्हा त्या कीर्तनाला सरसावतात तशा सरसावून बसल्या. लेकाच्या गुडघ्याचे टाके निघायचे होते.

“रविवारी ग्रुपसोबत बाईकवर माळशेजला चाललोय, आई. धोका काही नाही.”

“मग गुडघा काय देवपूजेत फुटला?”

“वळणावर वाळू होती गं. आम्ही रिस्क मोजून घेतो.”

“वा! मग तुझ्या लेकीला, चिऊला मागे बसव. सुट्टीच आहे तिला.”

“येडी झालीस का? सहा वर्षांची आहे ती!”

“पण धोका नाही ना?”

“मला नाही.”

“हो, घाट तुझ्या मामाचा!”

“हळू बोल. आणि चिऊला मी पलंगावरून पडलो असंच सांग.”

“सांगितलंय. त्या दिवसापासून ती खाली चटईवर झोपते. घरात एकाला तरी अक्कल आली.”